राउंड पहिल्या खाटेपासून

आमच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळचा राउंड पहिल्या खाटेपासूनच निघायचा. पुढे मोठे डॉक्टर, मागे फायली धरून आम्ही सिस्टर, आणि विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. याला आम्ही शिस्त म्हणायचो. आता आठवलं तरी किळस येते. डॉक्टरांची येते, त्याहून जास्त माझी स्वतःची.

त्या दिवशी सातव्या खाटेवर सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातली पोरगी होती. पहाटे बाळंत झालेली. पहिलंच मूल, तेही पोटातच गेलेलं. राउंड दुसऱ्या खाटेवर असताना आमची आयाबाई माझ्या कानाशी आली. बाळंतिणींचे कपडे उचलण्यात तिची हयात गेलेली. हळूच म्हणाली, "सिस्टर, सात नंबरच्या पोरीचं रक्त थांबून नाई राह्यलं. तिसरं कापड बदलवलं मी."

मी तिच्यावर डोळे वटारले. साहेब एका म्हातारीला मीठ कमी खायला सांगत होते, आणि मध्ये कुणी बोललं की ते सगळ्यांदेखत पाणउतारा करत. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. मी हातानेच तिला गप्प केलं. रक्तस्राव म्हणजे काय हे पुस्तकात शिकलेली मी, चार पावलांवर ती पोरगी, आणि मी चौथ्या खाटेचा रिपोर्ट शोधत उभी. थू माझ्या शिक्षणावर.

सातव्या खाटेपाशी पोचलो तेव्हा पोरगी पांढरीफटक पडली होती. मग सगळेच धावले. सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, गाडीत घालून गडचिरोलीला नेलं. तिथे गर्भाशय काढलं तेव्हा कुठे जीव वाचला.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. वेळेवर रेफर केलं, टीमवर्क असावं तर असं, म्हणून साहेबांनी आमची पाठ थोपटली आणि दारासमोर सगळ्यांचा फोटो काढवला. मी केस नीट केले, मधोमध उभी राहिले आणि हसलेसुद्धा. आयाबाईला कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

दुपारी ती वॉर्डात फरशी पुसत होती. पुसता पुसता तिने विचारलं, त्या पोरीला आता मूल होईल का. "नाही," मी म्हटलं. ती बादलीवर वाकून फडकं पिळत राहिली.

"मंग फोटो कायचा काढला, सिस्टर?"