आधी खोड, मग भाव

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. सकाळी गाडी भरून निघावं, दुपारपर्यंत निम्मी डिकी रिकामी व्हावी, पण घरी जाताना सांगण्यासारखं काहीतरी हमखास गोळा झालेलं असतं. सामानाला निदान गिऱ्हाईक मिळतं, किस्से कोणी घेऊन जात नाही. बायको तर दारातच म्हणते, "आजचं पुराण गाडीतच ठेवा!" म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

धंदा जुन्या सामानाचा. मुंबईवाले शहापूर-मुरबाडकडे शनिवार-रविवारसाठी बंगले बांधतात, दोन वर्षांत कंटाळतात आणि पंख्यापासून पलंगापर्यंत सगळं काढून टाकतात. ते आम्ही उचलतो आणि आठवडी बाजाराच्या कडेला डिक्या उघडून विकतो. आम्ही म्हणजे तिघं. शहापूरचे जनूकाका, त्यांची खटारा व्हॅन. मुरबाडच्या सुलभाताई, त्यांचा टेम्पो. आणि मी, शाळेतून रिटायर झालेला क्लार्क. जन्मात एक तास शिकवला नाही, पण बाजारात सगळे मला गुरुजी म्हणतात. मीही आता कोणाला दुरुस्त करत नाही.

आमच्यात एकच नियम, जनूकाकांनी घातलेला. वस्तूची खोड आधी सांगायची, भाव नंतर.

हा नियम काही काकांना बसल्या बसल्या सुचला नाही. एकदा त्यांनी एका बाईंना मिक्सर विकला. झाकण नीट बसत नाही हे सांगायचं 'राहून गेलं'. पुढच्या बाजाराला बाई हजर. अंगावर मिक्सर चालवताना नेसलेलीच साडी, साडीवर पदरापासून निऱ्यांपर्यंत हिरवी चटणी! भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. व्हॅनशेजारी दिवसभर नुसत्या उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक आलं की आधी साडीकडे बोट, मग काकांकडे. संध्याकाळपर्यंत बोहनी नाही!

त्या दिवसापासून काका खोड सांगितल्याशिवाय चमचासुद्धा देत नाहीत.

*

नियमाचा त्रासही होतो. एका चावीच्या घड्याळाची खोड काकांनी सांगितली, "दिवसाला धा मिन्टं पुढं पळतं."

किन्हवलीचा एक गडी खूश झाला. "हेच पायजे! आमचा भाऊ रोज एस.टी. चुकवतो."

पुढच्या आठवड्यात घड्याळ काखेत मारून परत आला. चेहरा लालबुंद.

"काका, फसवलंत!"

"का रे, बंद पडलं?"

"बंद कसलं! एकदम बरोबर टाइम दाखवतंय. पुढं पळतं म्हणून घेतलं ना मी?"

काकांनी मुकाट्याने पैसे परत केले. नियम म्हणजे नियम. पण चालू घड्याळ परत घेताना त्यांचा चेहरा असा झाला होता की सुलभाताई तोंडाला पदर लावून टेम्पोमागे गेल्या.

*

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत आम्ही एक ट्रेडमिल नेली होती. जत्रेत बैल बघायला आलेली माणसं सवयीने ट्रेडमिललाही चारी बाजूंनी फिरून बघत होती. एकाने तर तिच्या पट्ट्यावर थापही मारली. काका सकाळपासून बेचैन, कारण तिच्यात त्यांना खोडच सापडेना!

एवढ्यात एक आजी आल्या.

"ह्ये काय रं?"

"आजी, यावर चालायचं."

"चालून जायाचं कुठं?"

"कुठं नाय. हितंच."

आजींनी काकांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "म्हंजे मोडलंय म्हण की!"

काका इतके खूश झाले की त्यांनी आजींना चहा पाजला. वर विचारूनही घेतलं, "आजी, तुमच्या गावात लग्नाची पोरगी हाय का कोणी? आमच्या निलेशसाठी." कारण काकांच्या जिवाला घोर म्हणाल तर तो एकच. मुलगा कंपनीत कामाला, निर्व्यसनी, एकतिशी गाठलेला, आणि लग्न जमत नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की काका डिकीत बसून मोबाइलवर बायोडेटा वाचत.

*

सुलभाताईंचे यजमान बाजारात येतात आणि खुर्चीत बसतात. एवढंच करतात. एका गिऱ्हाइकाला नेमकी तीच खुर्ची पसंत पडली.

"ताई, हिची खोड काय?"

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "खुर्ची मजबूत हाय. बसणारा उठत नाय, येवढीच खोड."

खुर्ची गेली. यजमान आता उलट्या बादलीवर बसतात. ताई म्हणतात, बादलीला पण गिऱ्हाईक येईल, मी वाट बघतेय.

*

बंगल्यातल्या एका मॅडमनी माझ्याकडून पितळी घंगाळ घेतलं. "सो ब्यूटिफुल!" म्हणत मिठीत धरलं. मी नियमाला जागलो आणि म्हटलं, "मॅडम, यात एक खोड आहे."

"काय?"

"हे गेल्या वर्षी तुम्हीच 'अडगळ' म्हणून टाकलं होतं."

मॅडमनी घंगाळ फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "तरीच! म्हटलं, माझी चॉइस किती चांगली आहे!"

*

आता निलेशचा किस्सा. हा मी सहसा बाजारात सांगत नाही.

निलेशला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवा ठणठणीत आहे, त्यामुळे पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. दोन ठिकाणी लग्न ठरत आलं, बाहेरून कोणीतरी कानाचं सांगितलं, आणि "लपवलंत कशाला?" म्हणून मोडलं. त्यावर निलेशच्या आईने, म्हणजे काकींनी, धडा घेतला तो असा, "आता आणखी नीट लपवायला पायजे!"

तेव्हापासून मुलगी बघायला गेलं की निलेशला डावा कान भिंतीकडे करून बसवायचं, म्हणजे जो बोलेल तो उजवीकडून. काकांना तर सक्त ताकीद, "तुमी तिथं तोंड उघडायचं नाय. तो बाजार नाय, लोकांचं घर हाय." बाजारात हजार खोडी बेधडक सांगणारा माणूस, घरातून निघताना मान खाली घालून 'बरं' म्हणाला. मला त्याची फार दया आली.

स्थळ किन्हवलीचं होतं. मुलगी वैशाली, शहापूरच्या एका दवाखान्यात नर्स. गुरुजी बरोबर असले की वजन पडतं म्हणून मलाही नेलं.

तिथे सोफा नेमका उलट्या बाजूला! निलेशच्या उजवीकडे स्टूल ओढून जनूकाका बसले, आणि डावीकडे ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत वैशाली. काकी पोह्यांच्या बशीआडून मला डोळ्यांनी खुणावत होत्या, पण मी काय सोफा फिरवणार होतो?

वैशाली खाली बघत, हळू आवाजात म्हणाली, "लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. तुम्हाला चालेल ना?"

निलेश समोरच्या कॅलेंडरकडे बघत शांतपणे पोहे खात होता.

वैशालीचा चेहरा उतरला. तिचे वडील पुढे सरकले. "पोरीनं काय विचारलं? उत्तर द्यावंसं पन वाटत नाय का?"

"विचार करतोय हो तो!" काकी घाईघाईने म्हणाल्या. हे तर आणखीच वाईट झालं. मी गुरुजी असूनही पोह्यातले शेंगदाणे मोजू लागलो.

जनूकाकांनी चहाची बशी खाली ठेवली.

"इचार-बिचार काय नाय करत तो. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाय. बारका व्हता तवा कान फुटला. आमी भातलावणीच्या घाईत, दवाखान्यात न्यायला उशीर केला. ती चूक आमची, त्याची नाय." त्यांनी निलेशच्या पाठीवर हात ठेवला. "बाकी पोरगा सोन्यासारखा हाय."

काकींनी डोळे मिटून घेतले. हे मात्र निलेशला नीट ऐकू गेलं होतं. त्याची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वैशालीच्या वडिलांनी मुलीकडे पाहिलं. मी दारातल्या चपलांकडे पाहिलं.

वैशाली उठली. मला वाटलं, आत चालली.

तिने खुर्ची उचलली. टीपॉय ओलांडून, माझ्या पायावर जवळजवळ पाय देत ती पलीकडच्या बाजूला आली.

"काका, जरा सरकता का?"

काका सरकले. तिने खुर्ची निलेशच्या उजव्या हाताला ठेवली, पदर सारखा करून बसली, आणि मघाचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला.