मंगलने टीव्ही खाली उतरवला

मंगल दिंद्रुडची, आमच्या गल्लीतली. ऊस तोडायला जाते आणि चारचौघांत बोलायला घाबरत नाही, म्हणून मला आवडते. दिवाळीनंतर ती तोडीला गेली की सासू, छबुबाई, चार-पाच महिने घरी एकट्या. त्यांची नजर अधू. घरातल्या लहानशा टीव्हीला नाक लावलं तरी माणूस की म्हैस कळत नसे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, मोठं असेल तेवढंच दिसेल.

"मग मोठंच आणू," मंगल म्हणाली.

नवा परवडणारा नव्हता. अंबाजोगाईतच जुन्या सामानाच्या दुकानात अभिमन्यूकडे एक कपाटाएवढा टीव्ही होता, आतून पडद्यावर चित्र फेकणारा, जुन्या पद्धतीचा. आम्ही तिघी गेलो. टीव्ही उंच टेबलावर. मी आणि मंगल उभ्या, चित्र लख्ख. भाव ठरला. छबुबाई सवयीने फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काळं दिसतंय."

"आजींचे डोळेच गेलेत, मावशी," अभिमन्यू मला म्हणाला. "टीव्ही काय करणार?"

मंगलचं तोंड उतरलं. पण ती सासूशेजारी बसली, वर बघितलं. "भाऊ, मलाबी काळंच दिसतंय. माझेबी डोळे गेले का?"

"हा समोरून बघायचा असतो. खुर्ची घ्या."

"खुर्चीवर पाय लोंबकळले की गुडघे सुजतात त्यांचे. त्यालाच खाली घ्या."

"टीव्ही कुणी जमिनीवर ठेवतं का, ताई?"

"बघणारं माणूस खाली, मग टीव्ही कावून वर?"

गावभर हेच आहे. टीव्ही छताजवळच्या फळीवर आणि माणसं सतरंजीवर, माना ताणून. कुणी विचारलं नव्हतं.

अभिमन्यू हसत उभा राहिला. मंगलने एक बाजू धरली तेव्हा त्याला दुसरी धरावीच लागली. टीव्ही फरशीवर टेकला आणि चित्र उजळलं.

छबुबाई बातम्या देणाऱ्या मुलीकडे बराच वेळ बघत होत्या. "हिच्या भुवया कोरलेल्या हायेत," त्या म्हणाल्या. "कपाळ मोकळंच. कानातलं मातर लई मोठं."

मंगलने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही टीव्ही तिनेच बनवला होता.

"आता चित्र असं असल्यावर भाव..." अभिमन्यूने सुरू केलं.

"ठरलाय," मी म्हटलं. तो टेम्पो बोलवायला गेला.

टेम्पो दारात लागला, तरी छबुबाई उठेनात.

"आत्याबाई, चला. घरी बघा."

"थांब गं. पावसाचं सांगायली ती."

मंगलने टेम्पोवाल्याला हाताने थांबवलं आणि सासूशेजारी मांडी घालून बसली.