न उठवलेला राक्षस

पहिली काठी बरगडीत बसली आन समोरचे लोक हसले. मी पण हसलो. मार पडला की हसायचं, हे मला बारीक होतो तवापासून येतं. दुसरं काय येत नाय.

सिल्वासात आदिवासी कलेचा कार्यक्रम होता. भर दुपार, मंडप, खुर्च्या, पंखे. आम्ही खानवेलच्या वरच्या डोंगरातले, भवाडा नाचणारे. लाकडाचे मुखवटे बांधून देव आन राक्षस नाचवतो, तो भवाडा. राक्षस मी. नेहमी मीच. बायको बोलते, "तुम्हाला मुखवटा कशाला? तोंड धुऊ नका, झालं." शाळा मी बाहेरून बघितली. फॅक्टरीत दोऱ्याचे कोन उचलतो, तिथं पण दर पाळीला एकदा तरी आपटतो. पडण्यात माझा हात कोण धरणार नाय.

पण आमच्या पाड्यावर पडायची रीत हाय. देवाचं सोंग घेतलेला माणूस तलवार नुसती अंगाला लावतो. राक्षस पडतो. मंग ज्यानं मारला त्यानंच वाकायचं, हात द्यायचा, उठवायचं, पाणी पाजायचं. तोवर राक्षसानं उठायचं नाय. न उठवता सोडला तर तो मारणाऱ्याच्या दारात जाऊन बसतो. एकदा लखमाकाका, आमचा देव, मला पाडून मुतायला गेला. मी पडलेला. मुंग्या चड्डीत शिरल्या. अख्खा पाडा पोट धरून हसला, पण 'ऊठ' कोण बोललं नाय. काका धोतर सांभाळत पळत आला. "ये रे माझ्या राजा," बोलला आन हात दिला.

मंडपात कार्यक्रमवाले साहेब बोलले, "राक्षसाला मारायचा मान शेठना. तुमची ती तलवार दिसत नाही फोटोत." शेठ म्हणजे माझ्याच फॅक्टरीचे मालक. मुखवट्यात त्यांनी मला ओळखलं नाय. नुसतं तोंड घेऊन गेलो असतो तरी ओळखलं नसतं. त्यांच्या हातात बांबूची काठी दिली. काका बाजूला.

पहिल्याच काठीला पडलो. छान पडलो. टाळ्या.

फोटोवाला ओरडला, "शेठ, नहीं आया! एक बार और!"

साहेब बोलले, "ऊठ रे. परत पड."

मी उठलो नाय. हाताची वाट बघत होतो. येडाच मी. मला वाटलं कोणीतरी शेठना रीत सांगितली असेल.

मंग पडलेल्यालाच मारलं. पाठीत. मांडीत. शेठ घामाघूम, पण हसत होते. गंमत चढली होती. एक काठी मुखवट्यावर आली. जबडा फुटला. लाकडाचा पण, माझा पण. रक्त जिभेवर आलं. "आया, आया, मस्त आया," फोटोवाला बोलला. लोक हसत होते. मी हसायला गेलो. हसण्याइतकं तोंड उघडलं नाय.

शेठ माईकवर गेले. संस्कृती जपली पायजे, असं काय काय बोलले. मी त्यांच्या बुटापाशी, पडलेला.

साहेबांनी लाथ घातली. "चल, नाटक पुरे."

"साहेब, शेठनी हात द्यायचा."

"काय?"

"ज्यानं मारला त्यानं उठवायचं."

शेठनी ऐकलं. आपल्या हाताकडं बघितलं, मंग माझ्याकडं. "इसको हाथ लगाऊं मैं?"

माईक चालूच होता. सगळ्या मंडपानं ऐकलं. परत हसले.

काका धावला. "ये रे, मी उठवतो."

"काका, तू नाय मारला."

तवा माझ्यातला हसणारा माणूस मेला. काठीनं नाय. शेठच्या त्या एका बोलण्यानं.

वॉचमननी पाय धरून ओढलं. मी शेठचा घोटा धरला. बोटांवर बूट पडले. दोन बोटं मोडली, मी आवाज ऐकला. घोटा सोडला नाय. शेठ आडवे झाले. पडायला येत नाय त्यांना. भाताचं पोतं फुटावं तसे पसरले. घाबरून त्यांनी हात पुढं केला. माझ्याकडंच.

आता दोघं पडलेले. मी फुटक्या जबड्यातनं बोललो, "शेठ, पहिले तुम्ही उठवायचं."

मंग मला धुतलं. मंडपामागं, खुर्च्यांच्या ढिगाऱ्यात. किती जण, ठाऊक नाय. काकाचं डोकं पण फोडलं.

कामावरनं काढलं. साहेबांचा निरोप आला, 'त्याला सोडून बाकीचे पुढच्या वेळी या.' काका बोलला, "राक्षस नाय तर भवाडा नाय." बायको जबडा बांधताना बोलली, "आता तरी हसू नका."

नाय हसत.

मुखवट्याचा जबडा सुताराकडं दिला नाय. तसाच राहू दे, फुटका. मला अजून कोणी उठवला नाय. रीतीनं मी पडलेलाच हाय, आन न उठवलेला राक्षस कुठं जातो ते पाड्यावर शेंबडं पोर पण सांगेल.

उद्या सकाळच्या पाळीला मी मुखवटा बांधून शेठच्या गेटात बसणार. कामगार आत जाताना बघतील, बाहेर येताना बघतील. वॉचमन मारेल, मी पडेन, आन पडल्या जागी राहीन. शेठ, काठी आणा नायतर हात आणा. मी उठून जाणार नाय.