आईचा पदर आणि टीव्ही

दुकानातल्या सगळ्या टीव्हींवर समुद्रातले रंगीत मासे पोहत होते. मी स्वस्तातल्या टीव्हीसमोर घुटमळत होतो.

आई म्हणाली, "हे मासे खरे कसे दिसतात, मला काय ठाऊक? माझा पदर दाखव यात."

तिने आयुष्यभर पैठणीचं रेशीम रंगवलंय. मी मोबाईलवर पदराचा फोटो काढून विक्रेत्याकडून टीव्हींवर लावून घेतला. तिने पदर पडद्याशेजारी धरला. महागड्यावर पदराचा जांभळा रंग निळा दिसत होता, स्वस्तातल्यावर जांभळाच.

"हाच घे."

झगमगाटाला आपण भुलतो, कारण शेजारी धरायला आपल्याकडे खात्रीचं काही नसतं. तिच्याकडे होतं. ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी आई!

निघताना मागून विक्रेत्याचा आवाज आला. तो पुढच्या गिऱ्हाईकाला म्हणत होता, "ताई, तुमची ओढणी जरा पडद्याजवळ धरता?"