तेरा जोड

काका रोज सकाळी चूळ भरायच्या आधी अंगणातल्या गटाराच्या चेंबरचं झाकण पहारीच्या टोकाने उचलून आत बघायचे. पाणी उतरलेलं असलं की झाकण हळूच टाकायचे. तुंबलेलं असलं की आत काकूला ऐकू जाईल असं आपटायचे.

नळ आणि गटारांच्या कामात त्यांची चाळीस वर्षं गेली. आसपासच्या चार गल्ल्यांतले संडास त्यांनी मोकळे केले. स्वतःचा मात्र पंधरवड्याला तुंबायचा. त्यामुळे ते सतत अस्वस्थ असायचे. जेवतानाही एक गुडघा उभा, लक्ष मोरीकडे.

पाइपात लवचीक सळई फिरवली की मुळांचा गुंतवळ बाहेर यायचा.

"बघ, तुझ्या अंजिराचे केस."

"माझेच गळले म्हणा की," काकू भांडी विसळत म्हणायची. "झाड तोडायचं नाही."

"मग काय, संडासला शेजाऱ्यांकडे जाणार?"

"जाईन. त्यांच्याकडे नळवाला चांगला येतो."

या घरात आल्यावर काकूने स्वतःच्या मनाने केलेली पहिली गोष्ट म्हणजे अंगणात लावलेला तो अंजीर. तरी काकांनी करवतवाला ठरवलाच. मुळं खणताना पाइप फुटू नये, तो कुठून जातो ते दिसावं म्हणून आदल्या दिवशी त्यांनी लाइन उघडी करायला घेतली. मी सुट्टीला तिथे होते, मातीची घमेली उचलत होते.

हातभर खोल पाइप लागला. काका हाताने माती पुसत पुढे सरकले आणि थांबले. एक जोड. वीतभर पुढे दुसरा. लगेच तिसरा. घर बांधताना, वाया कशाला घालवायचे म्हणून, लोकांच्या कामांवर उरलेले भाजक्या मातीच्या पाइपांचे तुकडे त्यांनी स्वतःच्या लाइनला जोडले होते. इतरांकडे चार जोड पडले असते, तिथे तेरा. बहुतेकांचं सिमेंट सुटलेलं, आणि प्रत्येक फटीतून मूळ आत शिरलेलं.

काकू स्वयंपाकघरात होती. काकांनी खोऱ्याने माती परत ओढायला सुरुवात केली. दोनदा ओढली. खोरं टाकून वर आले, अंगणात एक फेरी मारली, पुन्हा खड्ड्यात उतरले. मग हाक मारली, "अगं, जरा ये इकडे."

काकू पदराला हात पुसत आली, खड्ड्यात वाकली.

"झाडाचं काही नाही," काका पाइपाकडे बघत म्हणाले. "काम माझंच कच्चं. गिऱ्हाइकाकडे असं केलं असतं तर त्याने परत दारात उभं केलं नसतं."

"मी कुठे गिऱ्हाईक होते," काकू म्हणाली. मग तिनेच विचारलं, "करवतवाल्याला नको म्हणून सांगू?"

"सांग."

पुढच्या चार दिवसांत काकांनी झाडाला वळसा घालून प्लास्टिकचा नवा पाइप टाकला आणि खड्डा बुजवला. पाचव्या दिवशी दुपारी ते जेवायला बसता बसता कोसळले, ते उठलेच नाहीत. त्याच सकाळी काकू धुण्याची बादली घेऊन अंगणात निघाली होती, तेव्हा ते दारातून म्हणाले होते, "अंजिराच्या अलीकडून जा गं. पलीकडची माती अजून बसली नाही."