विहिरीची स्टेज

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी पुण्याहून आली, ती माझ्यासाठी साडी न आणता व्हिडिओ गेम घेऊन आली. कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, दोन्ही हातांत धरायचा. मधोमध पडदा आणि दोन्ही बाजूंना इतकी बटणं की मला काय विमान चालवायचंय की काय! "आई, तुझ्या लहानपणीचा गेम आहे यात," ती म्हणाली. "त्यांनी परत नव्याने काढलाय. तू सारखी बोलतेस ना त्याच्याबद्दल." मी सारखी बोलते हे मला माहीत नव्हतं. पण वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोणी आपल्यासाठी खेळणं आणलं तर फार चौकशी करू नये.

आमच्या लहानपणी तो गेम टीव्हीला जोडायला लागायचा. तेव्हा आम्ही रत्नागिरीतच, मांडवीच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मुंबईच्या काकांनी त्यांच्या मुलांचा जुना सेट आम्हाला दिला होता. पिवळी कॅसेट, तिच्यात फुंकर मारायची, मग ती आत दाबायची, आणि नशिबात असेल तर पडद्यावर एक बुटका माणूस उभा राहायचा. तो डावीकडून उजवीकडे पळायचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा आणि बहुतेक वेळा खड्ड्यातच पडायचा. एक स्टेज संपली की दुसरी. आम्ही त्याला बुटक्याच म्हणायचो. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्यामुळे पहिला चान्स त्याचा. त्याच्या सगळ्या लाईफ संपल्या की मग माझा. तोपर्यंत बऱ्याचदा लाईट गेलेली असायची, पण मीही खेळले आहे. भरपूर खेळले आहे. ते माझ्या अंगठ्यांना आठवतं.

तर मुलीने तो नवा गेम सुरू करून माझ्या हातात दिला, आणि मला काही कळेना. बुटका तोच, पण गुबगुबीत झालेला. पूर्वी त्याला नाक-डोळे नव्हते, आता पापण्यासुद्धा होत्या. पूर्वी तो शहाण्यासारखा सरळ रेषेत जायचा, आता मध्येच झाडामागे जायचा आणि मग कुठून बाहेर येणार ते सांगता यायचं नाही. मेला तरी मरायचा नाही, टुणकन उठून तिथूनच पुढे. "याच्या लाईफ किती?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "आता संपतच नाहीत." हे मला पटलं नाही. वर्गात उत्तर चुकलं तरी गुण द्यायचे, असलाच हा प्रकार.

तरी मी चष्मा पुसून खेळत राहिले. दोन स्टेज पार केल्या. तिसरी सुरू झाल्यावर मी मुलीला म्हटलं, "आता बघ हं, आता विहीर येईल."

विहीर काही आली नाही. हिरवळ आली, पूल आला, स्टेज संपली.

"कसली विहीर?" मुलीने विचारलं.

मी तिला सांगितलं. जमीन तांबडी. बुटका पळत येतो, मध्ये चिऱ्यांनी बांधलेली विहीर. तिच्यावरून उडी मारायची नाही, आत उतरायचं. आत पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर काही नाही, दुसरीवर एक कुर्ली नांग्या वर करून बसलेली असते, तिच्यावरून उडी. दोनदा डावं बटण, मग उडी. आणि तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की बुटका मरतो. दर वेळी. कितीही जपलं तरी. म्हणून खाली काय आहे ते मला कधीच दिसलं नाही.

मुलीने मोबाईल काढून शोधाशोध केली. "आई, हा परदेशी गेम आहे. यात चिऱ्यांची विहीर कुठून येईल? कुर्ली तर नाहीच नाही."

"त्या स्टेजला एक वासही होता," मी म्हटलं. "आंबूस."

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. स्टेजला वास! मीही हसले. पण ती आंघोळीला गेल्यावर मी मशीन हातात घेऊन तशीच बसून राहिले, कारण मला हसू येत नव्हतं. मी घाबरले होते.

माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. ती पन्नाशीत होती. आधी आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं, मग ती न झालेल्या गोष्टी झाल्या म्हणून सांगायला लागली. कोणतरी येऊन गेलं, कोणतरी असं म्हणालं. आणि ते इतकं बारकाईने सांगायची की आम्हीच गोंधळायचो. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडे होती. एकदा मी तिची वेणी घालत होते, तर मान वळवून तिने मला विचारलं, "तू कोणाची गो?" मी म्हटलं, तुझीच. तिने मान डोलावली, खरं वाटल्यासारखी नव्हे, पाहुण्याचं मन राखल्यासारखी. तिला जाऊन आता सहा वर्षं होतील.

मी शाळेत भूगोल शिकवते. या सप्टेंबरात मी आठवी ब ला एकच धडा लागोपाठ दोन दिवस शिकवला. फळ्यावर तीच आकृती, तेच प्रश्न. पोरं शहाणी, मुकाट ऐकत राहिली, कारण दुसऱ्या दिवशी उत्तरं सगळ्यांना येत होती. तास संपताना पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हे काल झालं." मी म्हटलं, उजळणी होती. उजळणी कसली, डोंबल! मी घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, वयोमानाने होतं, आणि मला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं.

म्हणून त्या विहिरीवर मी सगळं लावलं. विहीर सापडली तर माझं डोकं ठीक आहे. नाही सापडली, तर मीही आईसारखी न झालेल्या गोष्टी बघायला लागले आहे. शहाण्या माणसाने असली पैज लावू नये हे कळत होतं, पण लावली खरी.

भाऊबीज झाली आणि मुलगी पुण्याला परतली. जाताना मशीन माझ्याकडे ठेवून गेली. सुट्टी अजून आठवडाभर होती. मी रोज दुपारी जेवणं आटोपली की गॅलरीत बसायचे आणि बुटक्याला कामाला लावायचे. भूगोलाची बाई आहे मी, शोधायचं तर नीट शोधायचं. आलेखाच्या वहीत मी एकेका स्टेजचा नकाशा काढला. जिथे खड्डा दिसेल तिथे बुटक्याला मुद्दाम ढकलायचं, खाली काही आहे का बघायचं आणि वहीत फुली मारायची. सुरुवातीच्या जागेवरून उलटं डावीकडे जाऊन बघितलं. भिंतींवर डोकं आपटून बघितलं. बुटका किती वेळा मेला ते तोच जाणे. लाईफ संपत नाहीत हे बरंच झालं म्हणायचं.

त्या आठवड्यात माझे अंगठे दुखायला लागले आणि एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. आता ते गेमपायी झालं की दुसऱ्या कशापायी, याचा मी अर्धा तास विचार करत बसले. सगळ्यातच मला तेच दिसायला लागलं होतं.

मुलीने जुन्या गेमचा व्हिडिओ शोधून पाठवला. कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून दाखवला होता. नाक-डोळे नसलेला आमचा बुटका बघून आधी बरं वाटलं. मी एकही सेकंद पुढे न ढकलता सगळा बघितला. शेवटची स्टेज संपली, फटाके फुटले. विहीर नव्हतीच. नव्या गेममध्ये काढून टाकली असेल ही माझी शेवटची आशा होती, तीही गेली. मी मशीन बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवलं.

आता एकच जण उरला होता, दादा. तो जहाजावर असतो, इंजिनाकडे. खरं तर त्याला पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. पण मी टाळत होते. तो गेम आम्ही दोघांनीच खेळलेला. त्याने 'नाही' म्हटलं की संपलं, पुढे विचारायला कोणी नाही. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला की जहाज बंदराला लागलंय. मी देवाला नमस्कार केला आणि व्हिडिओ कॉल लावला.

"काय गो बाय?" दादा जेवत होता. मागे कोणीतरी भांडी वाजवत होतं.

मी इकडचं तिकडचं काहीच विचारलं नाही. "दादा, आपल्या त्या बुटक्याच्या गेममध्ये विहीर होती का रे?"

"होती की," तो म्हणाला. "माझीच ती."

"तुझी म्हणजे?"

"मीच काढलेली गो! तुझा चान्स आला की लाईट जायची नि तू भोकाड पसरायचीस. बाबांची दुपारची झोप मोडायची नि मार मी खायचा. मग काय करणार? जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्टेजी काढल्या. कागद एकाला एक चिकटवून ही एवढी लांब पट्टी केली."

बुटांच्या खोक्याला त्याने समोरून चौकोन कापला होता, तो टीव्ही. पट्टी एका बाजूने आत जायची, दुसऱ्या बाजूने बाहेर. पुठ्ठ्याचा बुटका केरसुणीच्या हिरावर, म्हणजे तिच्या एका काडीवर डकवलेला. एका हाताने दादा पट्टी ओढायचा, दुसऱ्या हाताने बुटक्याला नाचवायचा आणि तोंडाने गेमचे आवाज काढायचा.

"नि तुला रिमोट हवाच. मग खोक्याला भोक पाडून वायर आत सोडली. तू बटणं दाबायचीस, मी तुझे अंगठे बघून त्याला उडी मारायला लावायचो. काय जीव तोडून खेळायचीस गो तू!"

"आणि विहीर?"

"घरमालकांची. ओटीवरून समोर दिसायची तीच काढली. मला दुसरी कुठची येणार?"

"वास कसला यायचा रे?"

"खळीचा. आई शिळ्या भाताची खळ करून द्यायची कागद चिकटवायला. दुपारपर्यंत आंबायची."

मला एकेक करून सगळं जागेवर बसताना दिसत होतं. तांबडी जमीन, चिरे, कुर्ली. सगळं होतं. फक्त टीव्हीत नव्हतं. मी ज्यापुढे बसून दोनदा डावं बटण आणि मग उडी मारत होते ते बुटांचं खोकं होतं, पण मारत होते हे खरं होतं. माझ्या डोक्याला काही झालेलं नव्हतं.

"आणि तिसऱ्या पायरीवर तो मरायचा का?" मी विचारलं. "दर वेळी मरायचा रे!"

"पट्टी संपायची तिथे!" दादा म्हणाला. "पुढे कागदच नव्हता. मारू नको तर काय करू?"

यावर मी जी हसायला लागले ती थांबेचना. पोटात दुखायला लागलं, चष्मा काढून ठेवावा लागला. दादाही हातातला घास ताटात ठेवून हसत होता. आठ दिवसांचं ओझं उतरलं होतं. पदराने डोळे पुसत मी त्याला म्हटलं, "दादा, तुझे फार उपकार झाले. तुला कल्पना नाही."

"उपकार कसले?" दादाने पुन्हा घास उचलला. "नि हे सगळं तुला सांगितलंय की मी. गणपतीत."

"काय सांगितलंस?"

"हेच. खोक्याचं, हिराचं. विसर्जन करून आलो, बाकीची जेवायला बसली नि आपण दोघं मखर सोडत होतो. तूच विचारलंस, ती विहीर नक्की होती ना म्हणून."

दादाला चेष्टा करायची सवय आहे. मी म्हटलं, "उगाच फसवू नको हं."

"फसवतोय कशाला?" तो म्हणाला. त्याचं लक्ष ताटाकडे होतं, माशाचा काटा काढत होता तो.

मी मखर आठवून बघितलं. ते आठवलं. सोनेरी कागद, मधली कमान, माझ्या हातातली टाचण्यांची डबी. समोर दादा स्टुलावर उभा होता, त्याच्या बनियनला मागे भोक पडलेलं, तेसुद्धा. तो माझ्याशी काहीतरी बोलत होता. काय बोलत होता ते काही केल्या आठवेना. गणपती होऊन दोन महिने झाले होते.

"मग मी काय म्हटलं?" मी विचारलं.

"काय म्हणणार?" दादा म्हणाला. "आत्ता हसलीस ना, अशीच हसलीस. नि पट्टी संपायची ऐकून डोळ्यांत पाणी आलं तुझ्या, ते पण असंच पदराने पुसलंस."