काटा मध्यावर येईपर्यंत

शहापूर-मुरबाड जीपचा तो ड्रायव्हर सकाळी इंजिन चालू करून बॉनेटला टेकून उभा राहायचा. तापमानाचा काटा मध्यावर आल्याशिवाय निघायचाच नाही.

“काय रे, भात शिजतोय काय?” मागून कुणीतरी डिवचायचं.

“इंजिन तापून थर्मोस्टॅटची झडप उघडू द्या, काका. थंड इंजिन ओढत नाय, नुसतं डिझेल पितं.”

तेवढ्या वेळात शेजारी बसलेली माझी बायको घरातलं काहीबाही सांगायची. मग विचारायची, “ऐकताय ना?” मी घड्याळ बघत नुसता हुंकार द्यायचो.

ती जाऊन आता वर्षं झाली. मी स्वतःची जुनी गाडी चालवतो. घाटात तापते म्हणून मेकॅनिकने गाडीचा थर्मोस्टॅटच काढून टाकलाय. आता इंजिन थंडच राहतं, काटा मध्यावर येतच नाही. तरी निघण्याआधी मी इंजिन चालू ठेवून बसतो आणि शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणतो, “सांग, ऐकतोय.”